आजारी बाहेर, ऐकणारा आत

वर्ष सरलं की गोड करायचं, हा आमच्याकडचा नियमच. विठ्ठलरावांना जाऊन परवा वर्ष झालं. घाटंजीला श्राद्ध उरकलं आणि आज त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे पुंडलिकरावांनी, वहिनी विमलताईंना आणि पुतण्या अनिकेतला दारव्ह्याला जेवायला बोलावलं. वर्षभर त्या घरात ना पोळा झाला होता, ना दिवाळी. म्हणून आजचा बेत कसा, तर दणक्यात! पुरणपोळी, वडे, कढी, आलू-वांग्याची भाजी, आणि वर मिरचीचा ठेचा, कारण अनिकेतला ठेच्याशिवाय ताट म्हणजे ताटच वाटत नाही.

पुंडलिकरावांची सून रत्नप्रभा सकाळी पाचपासून चुलीशी आणि गॅसशी एकाच वेळी झुंजत होती. आभा, तिची अकरावीतली मुलगी, वाढायला होती. सगळं झकास चाललं होतं. तिचा नवरा अनंत आणि अनिकेत, हे दोघे चुलतभाऊ, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, भांडणापासून दोन वर्षं एकमेकांशी धड बोलले नव्हते. आज शेजारी बसून तूप पुढे सरकवत होते. विमलताईसुद्धा वर्षात पहिल्यांदा हसल्या, ते वड्याला पडलेल्या भोकावरून.

"रत्ना, हा वडा हाये का चाकाची ट्यूब?"

"मोठ्याई, तुमच्या हातची सर कोठून येईन?"

आणि मग अनिकेतनं दुसरी पोळी संपवली, बोटं चाटली आणि विचारलं, "काका, तुमच्या रिपोर्टचं काय झालं?"

झालं.

पुंडलिकराव कढी प्यायले. उत्तर अनंतनं दिलं, कारण या घरात आजाऱ्याच्या आजाराबद्दल आजारी माणूस कधी बोलतच नाही.

"प्रोस्टेटची गाठ हाये. कॅन्सरच निघाला," अनंत म्हणाला. "पण भ्यायचं काम नाही. नागपूरले मशीनचे शेक घ्यायचे, रेडिएशनचे. पाच आठवडे, रोज. आज पाच वाजेलोक डॉक्टरले फोन करून हो म्हनायचं, म्हणजे ते तिकडची तारीख पक्की करतात."

"मंग करून टाक ना बे!" अनिकेत पुढे सरकला. "राहाची चिंता करू नोको. माह्या साळ्याची खोली हाये तिकडे, रिकामीच पडून हाये. काकाले मी नेतो. तू सुट्टी नोको काढू."

"तू नेतं?"

"मंग! बाबाच्या वक्ताले काकानं नाही केलं का? आमच्यासाठी किती पळाले. यवतमाळ, नागपूर, यवतमाळ. मी सोयाबीनमंदी अडकलेलो. सगळं काकानंच पाह्यलं."

विमलताईंनी मान हलवली. "खरं हाये. भाऊजीनं पोटच्या पोरावानी केलं त्याईचं."

पुंडलिकरावांनी वाटी खाली ठेवली. कढी आंबट नव्हती, तरी त्यांचं तोंड आंबट झालं होतं.

*

आता आभाचं ऐका. ती पोळ्यांचा डबा घेऊन दारात उभी होती आणि सहा दिवसांपासून तिनं एक गोष्ट दाबून ठेवली होती.

मोठ्या आजोबांना, म्हणजे विठ्ठलरावांना, हा आजार होता म्हणून बाबांनी, अनंतनं, धाकट्या आजोबांचंही रक्त तपासून घेतलं. आजोबांना तसं काहीच होत नव्हतं. रात्री दोनदा उठायचे, तेवढंच. तो आकडा जास्त आला. मग डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि मागच्या मंगळवारी रिपोर्ट ऐकायला यवतमाळला बोलावलं. तिघं गेले होते. आजोबा बाहेर बाकावर बसले. अनंत आत गेला आणि आभाही आत घुसली, कारण फॉर्म तिनं भरला होता आणि इंग्रजी रिपोर्ट तिला वाचता येत होता.

आजोबांना बाहेर का बसवलं? हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आलाच नाही. या घराण्यात आजारी माणूस बाहेर बसतो आणि दुसरं कुणीतरी आत जाऊन ऐकून येतं. पणजीपासून हेच. आजाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. ऐकणारा बाहेर येतो, चेहरा नीट करतो आणि त्याला झेपेल तेवढंच सांगतो.

तर आत डॉक्टर म्हणाले होते, आणि आभाला शब्दन् शब्द पाठ होता, "वय सत्त्याहत्तर. गाठ लहान आहे, हळू वाढणारी आहे. दोन रस्ते आहेत. एक, शेक घ्यायचे. त्यात लघवीचा, शौचाचा त्रास होऊ शकतो, थकवा येतो. दुसरा, आत्ता काहीच करायचं नाही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, लक्ष ठेवायचं. वाढली तर तेव्हा बघू. या वयात पुष्कळ माणसं ही गाठ घेऊनच जगतात आणि जातात ती दुसऱ्याच कशानं तरी. आजोबांना विचारा आणि मला कळवा."

आजोबांना विचारा. स्पष्ट.

बाबांनी बाहेर येऊन चेहरा नीट केला आणि आजोबांना सांगितलं, "नागपूरले शेक घ्या लागतात." बस्स! जीपमध्ये आभानं तोंड उघडलं तर तिला डोळ्यांनीच गप्प केलं. घरी आल्यावर मागच्या अंगणात नेऊन म्हणाले, "दुसरं सांगशील त म्हातारा मानूस सोपं तेच धरन. कॅन्सर घरात ठेवून बसायचं का? लोकं काय म्हनतीन, पोरानं इलाज नाही केला?"

आणि आई? आभाला वाटलं होतं आई तिच्या बाजूनं होईल. आई म्हणाली, "तुझे बाबा म्हनतात ते खरं हाये. उद्या काही झालं त सगळ्यात पहिले मलेच बोल लावतीन, सुनेनं तसंच ठेवलं म्हनून."

*

पुंडलिकरावांना अजून पोळी नको होती, पण आभा वाढायला वाकली तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. समोर ताट असलं की मान खाली घालून बसता येतं.

कापूस खरेदी केंद्रावर ते तीस वर्षं ग्रेडर होते. गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांनी लांबवायचा आणि सांगून टाकायचं, हा अमुक, हा तमुक. शेतकरी हात जोडायचा, वाद घालायचा, पण त्यांचा निकाल बदलत नसे. घरातही मग तेच झालं. दादा शेतीतला आणि हा शिकलेला. म्हणून दादाच्या प्रत्येक कामात आत जायचा तो हाच. तहसीलमध्ये हा, बँकेत हा, दवाखान्यातही हाच.

त्यांना ती खोली माहीत होती. हिरवा पडदा, काचेखालचं कॅलेंडर, तेच डॉक्टर. चार वर्षांपूर्वी त्याच खुर्चीवर बसून त्यांनी तेच ऐकलं होतं. दोन रस्ते. म्हणून मंगळवारी अनंत बाहेर आला तेव्हा ते दुसऱ्या रस्त्याची वाट बघत राहिले. जीपमध्ये वाट बघितली. घरी आल्यावर बघितली. सहा दिवस बघितली. अनंत बोलला नाही. त्याचा तो नीट केलेला चेहरा पुंडलिकरावांनी ओळखला, कारण तो चेहरा त्यांचाच होता.

मग विचारायचं ना सरळ? दुसरं काही नाही का, एवढंच!

विचारलं असतं. पण मग अनंतनं उलट विचारलं असतं, "बाबा, तुम्हाले कसं माहीत?"

*

"मग ठरलं," अनंत घड्याळाकडे बघत म्हणाला. "चार वाजले. हात धुतो आन फोन लावतो."

"दुसरापण रस्ता आहे," आभा म्हणाली.

डब्याचं झाकण तिच्या हातून खाली पडलं आणि ठणठणत मोरीपर्यंत गेलं.

"आभा!" अनंत.

"आहे बाबा. डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच नाही केलं तरी चालतं. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. वाढलं तरच इलाज. आणि ते म्हणाले आजोबांना विचारा. तुम्ही विचारलंच नाही! सहा दिवस झाले."

"तुले कोनं म्हनलं मधात बोलाले? मोठ्या मानसाइच्या..."

"मी आत होते ना पण! मी ऐकलं."

"अनंत, खरं हाये हे?" अनिकेतनं विचारलं.

अनंत चिडला. चिडलेल्या माणसाला खरं बोलणं सोपं जातं. "हो, हाये! पण कॅन्सरले कोनी असं पाहत बसते का? मोठ्या बाबाचं नाही का आपन लगेच ऑपरेशन केलं?"

"अरे, पण आमच्या बाबाले तं कोनी असं सांगतलं नाही," अनिकेत म्हणाला. "त्याइचीबी लहानच गाठ होती. हळूच वाढनारी. मी रिपोर्ट ठेवला हाये. ऑपरेशन सोडून दुसरं काही म्हनलंच नाही डॉक्टरनं."

विमलताईंचा हात ताटातच थांबला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "तवा आत तुमीच गेलते ना?"

रत्नप्रभाच्या कढईत एक वडा काळा होत होता, तिला वास आला, तरी ती उठली नाही.

अनंतनंच मग बापाला हात दिला. "मोठ्याई, चार वर्षं झाले त्याले. तवा असं नसन. हे आता नवीन निघालं असन."

"हो, ते होऊ शकते," अनिकेत म्हणाला. त्याला ते पटायला हवंच होतं. "रोज नवीन काहीतरी निघते. हो ना काका?"

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. सगळे तयार बसले होते. अनिकेत तयार होता, अनंत तयार होता, वहिनीसुद्धा त्यांच्याकडे अशा बघत होत्या की हो म्हणा, भाऊजी, हो म्हणा आणि मला मोकळं करा.

पुंडलिकराव मान हलवायला निघाले होते. आभा सांगते, तिनं पाहिलं, मान अर्धी हललीसुद्धा होती.

"नाही," ते म्हणाले. "तवाबी होतं."

"काय होतं?"

"दोन रस्ते होते, वहिनी. डॉक्टरनं मले दोन्ही सांगतले. ऑपरेशन करा, नाही तं नुसतं लक्ष ठेवा. म्हने, पेशंटले इचारा. मी बाहेर आलो. दादा बाकावर बसून शेंगा खाऊन राह्यलता. मले म्हने, काय म्हनलं रे पुंडलिक? मी म्हनलं, ऑपरेशन. तो म्हने, बरं."

"बस?"

"बस. शेंगाचे टरफलं खिशात घातले आन उठला."

विमलताई अगदी हळू म्हणाल्या, "काहून?"

"मले वाटलं, खराब हाये ते काढून टाकलं की झालं. जन्मभर तेच केलं ना मी. खराब दिसलं का बाजूले." त्यांनी वाटी बाजूला सरकवली. "आन दादाले इचारलं असतं तं तो म्हनला असता, राहू दे. मले माहीत होतं तो राहू दे म्हननार."

"माहीत होतं."

"हो."

"म्हनून नाही इचारलं."

"म्हनून नाही इचारलं, वहिनी. मले तो पायजे होता."

*

ऑपरेशननंतर विठ्ठलरावांची लघवी कधी थांबलीच नाही. थेंब थेंब, दिवसभर, तीन वर्षं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पण त्यातलं खरं किती ते फक्त विमलताईंना माहीत होतं आणि आज पहिल्यांदा त्या बोलल्या. रडल्या नाहीत. भाजी निवडताना बोलावं तशा बोलल्या.

"माहे जुने लुगडे फाडून मी घड्या करत जाओ. सकाळी चार, दुपारी चार. मेडिकलमंदी भेटते म्हने ते विकतचं, पन त्याईले लाज वाटे, सून पाहीन म्हनून. खाटेवर बसनं सोडलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत, ते धुता येते म्हनून. कोनाच्या लग्नात नाही, कोनाच्या मौतीत नाही. म्हनत, वास येते माह्या अंगाचा."

"आई, राहू दे," अनिकेत म्हणाला.

"आन शंकरपट! आयुष्यात एक पट सोडला नाही त्या मानसानं. बैलाच्या नुसत्या कानावरून सांगे, हा पळन का नाही. जायच्या साली गावातच पट भरला. भोंगा घरापोत ऐकू ये. मले म्हने, विमल, दार लावून घे." त्या पुंडलिकरावांकडे वळल्या. "आन मी काय म्हनो माहीत हाये का भाऊजी? मी रोज म्हनो, आता काय करता, दुसरा इलाजच नव्हता. जीव वाचला ना, म्हनो. रोज. माह्या तोंडानं म्हनो मी."

आणि जीव तरी कुठे त्या गाठीनं गेला होता? मागच्या वर्षी सकाळी गोठ्यात अटॅक आला आणि चहा गार व्हायच्या आत सगळं संपलं.

"वहिनी, मले माफ करा," पुंडलिकराव म्हणाले.

"मले कायले मांगता? मी कोन माफ करनारी." त्या ताटावरून उठल्या. अर्धी पोळी तशीच राहिली. "ज्यानं करायचं तो गेला."

अनिकेत आईच्या मागोमाग उठला. एवढंच म्हणाला, "काका, मी सगळ्या गावाले सांगत फिरलो, माह्या काकानं बापावानी केलं म्हनून."

*

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. अनंत फोन हातात धरून बसला होता आणि त्याला तो लावता येत नव्हता. त्याला काय वाटत होतं ते रत्नप्रभाला कळलं. वीस वर्षं संसार केल्यावर एवढं कळतंच. तो विचार करत होता की अजून चार-पाच वर्षांनी त्यालाही असंच कुणासमोर तरी बसावं लागलं असतं.

आणि तिलाही लागलं असतं. मागच्या अंगणात लेकीला गप्प करणारी तीही होतीच की. लोक काय म्हणतील! लोक तर विमलताईंबद्दलही म्हणायचे, नशीबवान हो बाई, दिरानं किती केलं.

तिनं उठून जळका वडा बाहेर काढला, गॅस बंद केला, हात पदराला पुसले. मग नवऱ्याच्या हातातला फोन घेतला आणि सासऱ्यांपुढे धरला.

"मामाजी, तुमीच बोला."

"मी?"

"मंग कोन? दुखनं तुमचं हाये."

अनंत बाजूला सरकला. आभानं नंबर लावला. घंटी वाजत होती तेव्हा पुंडलिकराव म्हणाले, "ते मोठ्यानं ऐकू येते तसं कर, पोरी. सगळ्याइले." आभानं स्पीकर लावला. विमलताई दारापर्यंत पोहोचल्या होत्या. चपलेत एक पाय घालून त्या थांबल्या.

"हॅलो, डॉक्टरसाहेब? दारव्ह्याहून बोलतो. पुंडलिकराव."

"हां हां, बोला. अनंतराव आहेत का? त्यांना द्या ना फोन, त्यांना सगळं समजावून सांगितलंय मी."

"त्याले सांगतलं. आता मले सांगा."

"बरं. काय विचारायचंय?"

"काहीच नाही केलं त काय होईन? आन शेक घेतले त काय होईन? दोन्ही सांगा. काही ठेवू नका."

डॉक्टरांनी सांगितलं. सावकाश, चांगलं सांगितलं. गाठ कशी आहे, सहा महिन्यांत काय बघायचं, आकडा चढला तर पुन्हा विचार करावा लागेल, तेव्हा हट्ट करायचा नाही. हाडं दुखली, लघवीत रक्त दिसलं तर लगेच यायचं. शेक घेतले तर काय फायदा आणि काय त्रास. आणि मग ते वाक्य, की या वयात पुष्कळ माणसं ही गाठ घेऊनच जगतात. विमलताई उंबऱ्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. एकेक शब्द. त्यांच्या नवऱ्याच्या वाट्याचे शब्द, चार वर्षांनी, दुसऱ्याच्या फोनवर.

"मंग नागपूर नोको," पुंडलिकराव म्हणाले. "रक्त तपासत राहू. मी सोता येत जाईन."

"ठीक आहे. तुमचा निर्णय."

"हो. माहा."

ते फोन ठेवणार, तेवढ्यात विमलताई परत आत आल्या, एका पायात चप्पल, एक पाय उघडा, आणि फोन त्यांच्या हातातून घेतला.

"साहेब, एक सांगा. हे असं दोन्ही, तुमी सगळ्याच पेशंटले सांगता का?"

"सांगतो ना मावशी. जो कुणी आत येतो, त्याला सांगतो."

"बरं," विमलताई म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी फोनसाठी हात पुढे केला होता. विमलताईंनी तो पाहिला. फोन त्यांनी आभाच्या हातात दिला आणि अनिकेतला म्हणाल्या, "चाल बाप्पा."